फक्कीची खोली

देव आधी आणि देऊळ नंतर. हा क्रम आपल्याला कोणी ग्रंथ उघडून शिकवत नाही. तो घडवणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतो. मूर्ती जेवढी, तेवढा गाभारा. पुजाऱ्याचा हात मस्तकापर्यंत पोहोचला पाहिजे, अभिषेकाच्या पाण्याला चरणांवरून वाहून जायला वाट पाहिजे, आणि आत शिरणाऱ्याची मान आपोआप लवावी एवढेच दार पाहिजे. देवाच्या घराचे माप देवाच्या देहावरून निघते. मग माणसाच्या घराचे माप कोणाच्या देहावरून काढावे?

हा प्रश्न जिने उराशी धरला आणि त्याच्यापायी आपली नोकरी एका सहीवर टांगून ठेवली, त्या बाईची ही कथा. नाव अंजना मेटकरी. जन्म आटपाडीच्या माळावरचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला. काम, कराडच्या अलीकडे महामार्गालगतच्या एका महाविद्यालयात मुलामुलींना वास्तुरचना आणि घराची अंतर्गत मांडणी शिकवण्याचे. नेमणूक दर वर्षी अकरा महिन्यांची. बाराव्या महिन्यात बाई कोणीच नसतात. पुन्हा नवा कागद आला की पुन्हा बाई होतात. अशी चौदा वर्षे झाली.

पहिल्या वर्षाची मुले वर्गात येतात ती मोबाइलमधली चित्रे घेऊन. चकचकीत फरशी, छताला लपवलेले दिवे, आणि अशी पांढरीशुभ्र बैठक की जिच्यावर चिखलाच्या पायांचा माणूस कधी बसणारच नाही. अंजनाबाई ती चित्रे कौतुकाने पाहतात, परत देतात, आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना औंधला यमाईच्या डोंगरावर नेतात. दर्शन करायचे, आणि मग उतरताना वही काढायची. चढणाऱ्या म्हाताऱ्या कोणत्या पायरीवर थांबतात, कुठे कठड्याला हात लावतात, कुठे गुडघ्यावर हात ठेवून देवीचे नाव घेतात, ते लिहायचे. पायरी किती इंचांची असावी ते पुस्तकात आहे. म्हातारीच्या गुडघ्यात ते किती आहे, तेवढे लिहून आणा, असा बाईंचा पहिला पाठ.

दुसरा पाठ फक्कीचा. गवंडी पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या भुकटीने आखणी करतो, ती फक्की. बाईंच्या वर्गात कागदावरचे कोणतेही काम फक्कीवाचून पूर्ण होत नाही. काढलेली खोली मैदानावर खऱ्या मापाने उतरवायची. भिंतीची रेघ, दाराची फट, ओट्याची जागा, खाटेची जागा. आणि मग त्यात वावरायचे. बसायचे, निजायचे, पोराला आंघोळ घालायची, पाहुण्याला पाणी द्यायचे. कागद कोणालाही फसवतो, कारण कागदावर कोणी झोपत नाही. जमीन फसवत नाही.

ही रीत बाईंनी कुठल्या परदेशी पुस्तकातून घेतलेली नाही. त्यांचे वडील बिराप्पा मेंढरे घेऊन आठ महिने फिरत. मुक्कामाला मेंढरांभोवती जाळीचे कुंपण ओढतात, त्याला वाघर म्हणतात. बिराप्पा कधीही आधी वाघर ओढत नसत. ते मेंढरांना बसू देत. गाभण मेंढी पाय लांबवी, कोकरे आईच्या पोटाशी सरकत, म्हातारा मेंढा वाऱ्याकडे पाठ करी. सगळा कळप आपापल्या जागी निवला की मग बिराप्पा जाळी ओढत. लहानग्या अंजनाला ते एकच वाक्य सांगत, आणि त्यापुढे काही सांगत नसत.

"आदी बसू दे. मग वाघर वड."

पण माणूस शिकतो तेव्हा पहिल्यांदा घरचे विसरतो. अंजनाबाईही विसरल्या. सांगलीत पदवी घेतली, पहिली कमाई हाती आली, आणि त्यांनी आईसाठी, हरणाबाईंसाठी, गावच्या घरात स्वयंपाकाचा ओटा बांधला. काळा कडाप्पा, कडेला गोलाई, उंची चौतीस इंच. पुस्तकात तेवढीच होती. आयुष्यभर तीन दगडांच्या चुलीपुढे वाकलेली आई आता ताठ उभी राहील, या कल्पनेने लेकीचे डोळे भरून आले. आईने ओट्याला हळदकुंकू वाहिले, गावभर सांगितले, आणि लेक घरी येई त्या प्रत्येक वेळी ओट्यापाशी उभी राहून भाकरी केली. तीन वर्षे.

एकदा अंजनाबाई न कळवता गेल्या. भरदुपारी. आई ओट्याच्या पायथ्याशी जमिनीवर शेगडी मांडून बसली होती. ओट्यावर कांदे वाळत पडले होते, आणि भिंतीशी लाकडी पाट उभा करून ठेवला होता. लेक येणार असे कळले की आई तो पाट ओट्यापुढे घाली, त्यावर चढून उभी राही आणि लुगड्याच्या घोळाखाली तो झाकून घेई. हरणाबाईंची उंची चार फूट सात इंच. चौतीस इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की ती त्यांच्या छातीला लागे. पीठ मळायला खांदा कानाजवळ जाई. लेक यायच्या आधी पाटावर चढून भाकरी करून पाहताना त्या दोनदा पडल्या होत्या. मनगटाचे हाड वाकडे जुळले होते, तेही लेकीला त्या दिवशी कळले.

लेक उंबऱ्यातच उभी राहिली. आई ओशाळली. आणि तिने जे वाक्य उच्चारले ते आजही अंजनाबाईंच्या काळजात फक्कीच्या रेघेसारखे आहे.

"वटा लय चांगला हाय गं. मीच बुटकी हाय."

घर चुकले होते, आणि माफी माणूस मागत होता. दगड चुकला होता, आणि ओशाळला होता देह. ज्या देहाने नऊ महिने वाहिले, वीस वर्षे पोसले, त्या देहाने एका कडाप्प्यापुढे हात जोडले होते. अंजनाबाईंनी बोलण्यात वेळ घालवला नाही. शेजारून घण आणला आणि तो ओटा स्वतःच्या हाताने फोडला. मग आईला जमिनीवर बसवले, उभे केले, परात हाती दिली, पीठ मळायला लावले, आणि जिथे तिचा खांदा सैल पडला तिथे भिंतीवर कोळशाने रेघ मारली. नवा ओटा त्या रेघेवर झाला. त्या दिवसापासून बाईंच्या वर्गात फक्की आली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

संस्थेने आवारात मुलींचे वसतिगृह बांधायचे ठरवले. आराखडा शहरातून आला. अंजनाबाईंनी त्याची एक प्रत कार्यालयातून मागून घेतली आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना अभ्यास दिला, यातली एक खोली जमिनीवर उतरवा. जागा निवडली नियोजित इमारतीच्या पुढ्यातल्या अंगणाची. दहा फूट बाय बारा फूट. चार मुलींची खोली.

या मुलींत प्रांजल नावाची एक होती, कोयनानगरच्या धरण वसाहतीत वाढलेली. तिच्या गावी जमीन हलते. ताटातली आमटी हिंदकळली की आई आधी पोरांना दाराकडे ढकलते आणि मग गॅस बंद करते. त्या घरात दारामागे कधी कोणी काही ठेवत नाही, चप्पलसुद्धा नाही. फक्कीच्या खोलीत खाटा आखल्या गेल्या आणि प्रांजलने दार उघडून पाहिले. म्हणजे प्लायवूडचा एक तुकडा दाराच्या जागी धरून फिरवला. तो अर्ध्यावर थांबला. पुढे खाट होती.

मुलींनी पुन्हा मोजले. मग उलगडा झाला. कागदावर चारही खाटा नीट बसत होत्या, कारण कागदावरची प्रत्येक खाट साडेपाच फुटांची काढली होती. अशी खाट बाजारात कोणी विकत नाही. सव्वासहा फुटांची खरी खाट ठेवली की दार अर्धे उघडे, कपाट खिडकीवर, आणि कपडे बदलायचे तर उरलेल्या एकमेव कोपऱ्यात, तोही व्हरांड्यातून दिसणारा.

"मॅडम, रात्री जमीन हलली तर चौथी बाहेर कशी येणार?" प्रांजलने विचारले.

बाईंनी ते तसेच्या तसे लिहून, सहा मापे जोडून, प्राचार्यांमार्फत संस्थेला पाठवले. उत्तर आले नाही. आला तो सचिवांचा तोंडी निरोप. चार दिवसांनी भूमिपूजन आहे, अंगण स्वच्छ हवे, ती रांगोळी पुसून टाका.

पुसण्याचे काम आले दादासो सुभेदारांकडे. ऊसपट्ट्यातले घर, चोवीस वर्षे फौजेत, आणि आता महाविद्यालयाच्या आवाराचे व्यवस्थापक. मिशा कोरीव, इस्त्री कडक, आणि हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी माणसे लावून खराट्याने अंगण झाडले. रेघ पुसली गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या तासाला अंजनाबाई वर्ग घेऊन तिथेच आल्या आणि मुलींनी पुन्हा आखली. संध्याकाळी सुभेदारांनी झाडली. सकाळी मुलींनी आखली. झाडणाऱ्याचा हात थकला नाही, आखणाऱ्यांचा तर मुळीच नाही. खराटा म्हणाला, नाही. फक्की म्हणाली, आहे. खराटा म्हणाला, नाही. फक्की म्हणाली, आहे. सुभेदार जाता जाता एवढेच म्हणाले, की म्याडम, तुमच्या पलटणीत भरती जोरात हाय.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी सचिव स्वतः आले, चिडले, आणि सुभेदारांना म्हणाले की खराटा बास झाला, टँकर आणा आणि पाणी मारा. सुभेदारांनी टाच जुळवली. पाण्याचा टँकर आला, आणि दिवस मावळायच्या आत अंगण भिजले. बारीक फवाऱ्याने, हळूहळू, अगदी काळजीपूर्वक.

सकाळी ऊन पडले तेव्हा खोली तिथेच होती. चुन्याने पाणी पिऊन मातीला मिठी मारली होती. वाळलेली रेघ आता खराट्यानेच काय, खुरप्याने खरवडली तरी निघेना. पांढरीशुभ्र, सरळ, बोटभर जाड. चार खाटा, एक दार.

अंजनाबाई सुभेदारांकडे पाहत राहिल्या. सुभेदार मांडवाच्या खांबाकडे पाहत होते.

"चुन्यावर पाणी मारलं की काय होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं, सुभेदार?"

"हुकूम पाणी मारायचा हुता, म्याडम. पाणी मारलं." मग मिशीला हात लावून, "चोवीस वर्सं इन्स्पेक्शनच्या आदी रस्त्याकडंची दगडं चुन्यानं रंगवली आमी. म्हाईत न्हाई कसं म्हणू?"

पूजा झाली. गुरुजींनी मंत्र म्हटले, नारळ फुटला, संस्थेच्या अध्यक्षांनी सपत्नीक कुदळ मारली. सर्व विद्यार्थिनींनी मांडवात बसावे अशी सूचना होती. पण प्रांजल आणि तिच्या तीन मैत्रिणी मांडवात नव्हत्या. त्या आपल्या खोलीत होत्या. चौघी आपापल्या खाटेच्या रेघेत बसून, मांडीवर पुस्तके घेऊन, घरी बसावे तशा वाचत होत्या. आणखी दोघी प्लायवूडचे दार धरून उभ्या.

अध्यक्ष मूळचे तालमीतले, अंगाने भरदार, मनाने मोकळे. मुली पाहून ते हसतमुखाने त्यांच्याकडे निघाले आणि सरळ रेघ ओलांडून आत आले. प्रांजल उठून उभी राहिली, हात जोडले, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली,

"सर, ती भिंत आहे. दारातून या."

अध्यक्ष हसले. चूक झाली म्हणाले, मागे फिरले, आणि वळसा घालून दाराशी आले. मुलींनी दार उघडले. ते अर्ध्यावर थांबले. अध्यक्षांनी एक खांदा घातला. मग दुसरा. मग पोट आत ओढले. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "पैलवान, तिरपं व्हा की." आणि सारा मांडव हसला.

अध्यक्षांचे हसू विझले.

"ही खोली कोणी काढली?"

"संस्थेने काढली, सर. आम्ही फक्त जमिनीवर उतरवली."

अध्यक्ष न जेवता गेले.

दुपारी प्राचार्यांनी बाईंना बोलावले. प्राचार्य वाईट मनुष्य नव्हते, घाबरलेले होते. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. घडल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, विद्यार्थिनींना मी चुकीचे मार्गदर्शन केले, अशा दोन ओळी आणि खाली सहीची जागा. शनिवारपर्यंत सही आली तर जूनमध्ये नवी नेमणूक. नाही आली तर नाही. चौदा वर्षांचा प्रश्न आहे, मॅडम, एक सही, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

संध्याकाळी त्या सहाही मुली बाईंच्या घरी आल्या. बोललो आम्ही, माफी आम्हीच लिहून देतो, असे म्हणू लागल्या. बाईंनी त्यांना जेवायला वाढले आणि तो विषय ताटाच्या वर येऊ दिला नाही. पण मुली गेल्यावर त्या कागदापुढे बसल्या, हे खरे. त्यांच्याकडे दुसरी नोकरी नव्हती. माफीनाम्यावरून एका ठिकाणी नाव कापले गेले की ती गोष्ट दुसऱ्या महाविद्यालयांतही पोहोचते, हेही त्यांना माहीत होते. आणि सर्वांत मोठे म्हणजे, हा वर्ग गेला तर फक्कीही जाणार होती. त्यांच्या मागे ती कोणी हाती घेणार नव्हते. वाकून राहावे आणि शिकवत राहावे, की ताठ राहून शिकवणेच गमवावे? भल्याभल्यांची मान या प्रश्नाखाली गेली आहे.

शुक्रवारी त्या आटपाडीच्या माळावर आईकडे गेल्या. हरणाबाई आपल्या मापाच्या ओट्यापाशी उभ्या राहून भाकरी थापत होत्या. खांदा सैल, मनगट वाकडे, हात चपळ. लेकीने सारे सांगितले. कागद वाचून दाखवला. आईने भाकरी उलटली, तव्याच्या कडेने फिरवली, फुगू दिली. मग मागे न वळता म्हणाली,

"मी त्या वट्याम्होरं पाटावर तीन वर्सं उबी ऱ्हायले. का, तर तुजं मन मोडू नये. दोनदा पडले. आता तू त्यांच्या पाटावर चडणार हायस, तर किती वर्सं उबी ऱ्हाणार, तेवडं सांग."

आईने गरम भाकरी लेकीच्या ताटात टाकली.

"खा. आन जा सकाळच्या गाडीनं."

शनिवारी अंजनाबाई प्राचार्यांच्या दालनात गेल्या, कागद पालटला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात लिहिले: खोली चुकली आहे, मुली चुकलेल्या नाहीत. आराखडा बदलावा. बदलायचा नसेल तर संस्थेच्या प्रत्येक सदस्याने त्या खोलीत, दार लावून, एक तास बसावे. मग जे ठरेल ते मला मान्य आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

प्राचार्यांनी वाचले. निदान एक दिलगिरीचा शब्द तरी, असे म्हणाले.

"आमच्या घरात एकदा ओट्याची माफी मागून झाली आहे, सर," बाई म्हणाल्या. "आता शिल्लक नाही."

एप्रिल गेला, मे गेला. बाईंनी परीक्षेच्या वह्या तपासून दिल्या आणि कपाटाची किल्ली परत केली. सुभेदारांनी किल्ली घेतली, नोंद केली, आणि फक्कीचा डबा मात्र आपल्या खोलीत कुलपात ठेवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शहरातून नवा आराखडा आला. खोलीत तीन खाटा, प्रत्येक सव्वासहा फुटांची. दार भिंतीच्या कोनाड्यात घेऊन बाहेरच्या बाजूला उघडणारे. कोपऱ्यात सुधारित असा एकच शब्द. का सुधारला, कोणी सुधारायला लावला, याचा उल्लेख नाही. त्या आधी एका सकाळी अध्यक्ष एकटेच आवारात येऊन गेले होते, एवढे सुभेदार सांगतात. ते फक्कीच्या खोलीत बसले की नुसते उभे राहिले, हे विचारले तर मिशीला हात लावतात. त्याच आठवड्यात अंजनाबाईंना दोन पत्रे आली. एक अकरा महिन्यांच्या नेमणुकीचे. दुसरे सक्त ताकिदीचे, की यापुढे संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधा येईल असे वर्तन खपवून घेतले जाणार नाही.

बाईंनी नवा वर्ग सुरू केला तो ती ताकीद मोठ्याने वाचून. वाचून झाल्यावर घडी घातली, फक्कीच्या डब्यात तळाशी ठेवली, आणि वर चुना भरला.

वसतिगृह उभे राहते आहे. त्याच्या पुढ्यातली फक्कीची खोली अजून आहे. पावसाने रेघ फिकी होते, आणि सुभेदार ती स्वतः चुन्याने पुन्हा उजळतात. पुसायचा नवा हुकूम आला न्हाई, असे त्यांचे म्हणणे. आता पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना बाई तिथे आणतात आणि आधी बसायला सांगतात.

परवा वर्ग तिथे बसला असताना प्राचार्य घाईघाईने बाईंना काही सांगायला आले आणि रेघ ओलांडून सरळ आत शिरले. मुले बावरली. कडेला उभ्या असलेल्या सुभेदारांनी टाच जुळवली.

"सर, ती भित हाय. दारानं या."

प्राचार्य थबकले. त्यांनी पायाखाली पाहिले, बाईंकडे पाहिले. मग मागे फिरले, वळसा घातला, आणि दाराने आत आले.